खळं

सकाळी साडेआठला इनक्युबेटर उघडला
की एक वास येतो,
आंबलेल्या पेजेच्या आणि ओल्या मडक्याच्या मधला कुठलातरी.
पंधरा वर्षं झाली, मला त्याला नाव देता आलेलं नाही.

काल पेरलेली थाळी उजेडात धरते.
थिजलेल्या पेजेवर सहा पांढऱ्या टिकल्या,
प्रत्येकीत एक औषध.
औषध चाललं तर टिकलीभोवती काही उगवत नाही,
चंद्राला पडतं तसं खळं पडतं.
माझी नोकरी म्हणजे त्या खळ्याचा व्यास मोजणं.
तेवीस मिलिमीटर किंवा वर, चालेल.
एकोणीस किंवा खाली, नाही.
मधलं आलं तर वरून फोन येतो, नक्की काय ते सांगा,
आणि मी म्हणते, नक्की मधलंच आहे.

बेड सात. पद्माकर नाखवा, दिवाळे गाव.
मेरोपेनेम : सहा.
सहा हा टिकलीचा स्वतःचाच आकार.
खळं नाहीच.
पाटाला पाट लावून पंगत बसावी
तसे जंतू कडेपर्यंत येऊन बसलेत
आणि औषध त्यांच्या मध्ये, वाढपी विसरून गेल्यासारखं.

रजिस्टर मागे चाळलं.
बेड तीन, सहा.
गेल्या महिन्यात वारलेल्या सुलभा गद्रे, बेड सात, सहा.
लाल पेनाने तिघांना एका रेघेत ओवलं
आणि पेनाचं टोपण किती तरी वेळ सापडेना.

नियम साधा आहे.
दाखल झाल्यापासून अठ्ठेचाळीस तासांच्या आत जे उगवलं
ते पेशंटने घरून आणलेलं.
त्यानंतरचं आमचं.
नाखव्यांचा हा अकरावा दिवस.

मुलगा लिफ्टपाशी उभा, काखेत एक्स-रेचं पाकीट.
"पाय मोडला म्हणून आणला बापसाला.
हे छातीत कुठशी आलं?"
डॉक्टर सांगतील, म्हटलं.
डॉक्टर म्हणाले, वयही आहे ना.
जेट्टीवर पाय घसरेपर्यंत ते वय
रोज पहाटे होडी ढकलत होतं.

सिस्टर शायनी आणि मी काड्या घेऊन निघालो.
पलंगाचा कठडा. पडद्याची कड.
मॉनिटरचं बटण. स्टेथोस्कोप.
मोठ्या डॉक्टरांचा मोबाइल, तो त्यांनी हसत दिला
आणि काडी फिरताना हसू थांबवलं.
एकोणचाळीस काड्या.
अडतिसांत इतर काहीबाही, पण हा नाही.

एकोणचाळिसावी :
हात धुवायच्या बेसिनची जाळी.
बेड सातच्या उशीपासून दोन हातांवर.
वर तक्ता लावलेला, हात कसे धुवावेत, चित्रांसकट.
थाळीवर गुलाबी, बुळबुळीत, उचलली तर तार धरणारी वसाहत,
आणि तोच सहा.

शायनी हळूच म्हणाली,
सलाइनमधलं उरलेलं औषध आम्ही तिथेच ओततो.
रोज. प्रत्येक पाळीत. थोडं थोडं.

म्हणजे मारत नव्हतो आपण.
शिकवत होतो.

अन्वर प्लंबर आला, म्हणाला, बेसिन तर नवंकोरं आहे.
म्हटलं, काढ. खालच्या नळीसकट काढ.

कोलिस्टिन चालू झालं. मूत्रपिंडाचे आकडे चढले, अडले, उतरले.
बेड तीन गेले. दाखल्यावर फक्त न्यूमोनिया आणि वय.
नाखवा राहिले.
एकतिसाव्या दिवशी वॉकर धरून दारापर्यंत आले,
सूर्याला सवय नसल्यासारखे डोळे मिचकावत.

मुलगा प्रयोगशाळेच्या खिडकीशी थांबला. तोच प्रश्न.
या वेळी मी डॉक्टरांचं नाव घेतलं नाही.
"इथलंच होतं," म्हटलं, "बेडजवळच्या बेसिनमधलं."

तो ओरडेल असं वाटलं होतं.
त्याने तळहात उलटे करून पाहिले, मग सुलटे.
"मी रोज तिथंच हात धुऊन
मग बापसाला हात लावायचो.
तक्त्यात लिहिलंय तसं."

रजिस्टरात "स्रोत" नावाचा एक रकाना आहे.
बहुतेक ओळींत तो कोरा असतो.
आज मी त्यात लिहिलं, बेसिन.
मग खोडून, आम्ही.
तेही खोडलं. रिपोर्टात असं लिहीत नाहीत.
बेसिन, पुन्हा लिहिलं. तारीख. सही.

इनक्युबेटरमध्ये आजच्या बावीस थाळ्या आहेत.
पट्टी पुसून ठेवली आहे.