दोन लाख घड्या

रात्री साडेनऊला लाइट गेली
आणि अक्कलकोट रोडची सगळी शेडं एकदम मुकी झाली.
जन्मभर खटखट ऐकलेल्याला शांतता म्हणजे
कानात दडा बसल्यासारखं.
म्हणून आम्ही बाहेर कट्ट्यावर येतो
आणि उगीच मोठ्यानं बोलतो.
भिंती अजून दुपारचे चव्वेचाळीस धरून बसलेल्या.

माझ्या मोबाईलला तडा गेलाय,
पण बातमी तड्यातूनही येते.
मी वाचायचं, बाकीच्यांनी निकाल द्यायचा,
अशी आमची कोर्टाची पद्धत.

'बिनड्रायव्हरची मोटार रस्त्यावर आली.'
मौलाली म्हणाला, 'त्यात काय बे,
माझ्या चुलत्याची रिक्षा बघ.
ड्रायव्हर आत असतो, चालवत कोणीच नसतं.'

'चंद्रावर पाण्याचा अंश.'
'कितव्या दिवशी सोडतात ते लिहिलंय का?'
'मोटर लावून ओढणारा एकजण तिथंबी असणारच की ओ.'

'मशीन आता माणसासारखं लिहिणार, चित्रं काढणार.'
इथं लक्ष्मीपती येमूल उठून बसला.
जॅकार्डच्या कार्डांना भोकं पाडण्यात त्याचे डोळे गेलेत,
पण मान अजून ताठ.
'भोक म्हणजे हो. भोक नाही म्हणजे नाही.
एवढ्यावर मी टॉवेलावर आख्खा मोर उठवलाय.
तुमचं मशीन याहून वेगळं काय करतं, सांगा.'
गुरसिद्धचा पोरगा पॉलिटेक्निकला आहे.
'काका, तसं नसतं ते.'
'मग कसं असतं?'
पोरगा सांगायला लागला,
चहा आला, संपला, कप विसळून झाले,
आणि तो फिरून फिरून
पुन्हा भोकापाशीच येऊन थांबला.

'कामं जाणार बघा,' कुणीतरी म्हणालं.
गुरसिद्ध म्हणाला, 'चार मागांतले दोन भंगारात घातले मी,
आता कुणाचं काय नेणार ते?
येऊ दे. मे महिन्यात, दुपारी दोनला,
ह्या पत्र्याखाली उभं राहून दाखव म्हणावं.'
'तापून बंद पडेल की.'
'आपण कुठं पडतो?'
मिनिटभर कुणी हसलं नाही.
मग जरा जास्तच हसलो.

शेवटची मी सहज वाचली:
घडीचा मोबाईल. मधोमध दुमडतो.
दोन लाख वेळा दुमडून बघितला, मोडला नाही.

'कोण घालतं रे घड्या?'
आतून आवाज आला.
सकाळी माल जायचा म्हणून बालमणी अक्का थांबलेली,
मेणबत्ती लांब ठेवून,
कारण चादरीला उजेड लागत नाही, हात लागतो.
'मशीन, अक्का. घड्याच घालणारं मशीन.'
'दोन लाख?'
तिनं तेलुगूत हिशेब मांडला, बोटांच्या पेरांवर.
दिवसाला दोनशे चादरी, एकीला चार घड्या.
'म्हणजे गड्ड्याच्या जत्रेपासून दिवाळीपर्यंत.
मग? पेपरात आलं होय एवढ्यावर?'

मी पुढचं वाचलं.
दुमडतो तिथं बारीक वळ उठतो,
डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लागतो म्हणे.
अक्का दारात आली,
उजवं मनगट माझ्यापुढं धरलं,
'बघ, लागतो का.'

एकोणीस वर्षं.
लागला.

काय बोलावं कुणाला सुचेना.
मौलालीलाच राहवलं नाही,
'अक्का, तुझी वॉरंटी संपली की गं.'
सगळ्यांत मोठ्यानं अक्काच हसली,
पदर तोंडाला लावून, भिंतीला टेकून,
आणि हसता हसता आत जाऊन
अर्धी राहिलेली घडी पुरी केली.

तेवढ्यात लाइट आली.
माग सुरू झाले, एकामागून एक,
आणि बोलणं जिथल्या तिथं बुडालं.
काचेपलीकडे लक्ष्मीपतीचं तोंड हलत होतं,
पोरगा मान हलवत होता.
हो म्हणत होता की नाही,
ते या आवाजात
कुणाला कळणार?