वाटणी

बाहेर उणे एकतीस.
अर्हांगाईच्या आमच्या शाळेत
हे प्रयोग साधतात ते याच दिवसांत.
हवेत ओल औषधालाही नसते,
काचेच्या खांबावर बसवलेला भार
हलत नाही, बसून राहतो निमूट.

दुलमा बाईंनी एबोनाइटची कांडी
उंटाच्या लोकरीवर घासली,
पितळी गोळ्याला टेकवली.
मग दुसरा गोळा, तेवढाच, पण कोरा,
सरकवत आणला जवळ.
टक्.
आवाज कसला, नख मोडल्याएवढा.
वेगळे केले तर दोन्हींच्या खालची सोनेरी पानं
सारखीच फाकलेली.
"निम्मं निम्मं!" आम्ही ओरडलो.
तिसरा कोरा गोळा आला : निम्म्याचं निम्मं.
चौथा : त्याचंही निम्मं.
पान मिटत गेलं, मिटत गेलं,
पुरतं काही मिटलं नाही.

मग बाईंनी कपाटातून काढला
मेंढीच्या डोक्याएवढा मोठा गोळा,
आणि एक इवलासा,
ज्या हाडांनी आम्ही डाव मांडतो, तेवढा.
दोघे टेबलाच्या दोन टोकांना,
मधे बारीक तार.
तार काढली. एकेक गोळा पत्र्याच्या डब्यात सोडून मोजला.
मोठ्याकडे कितीतरी जास्त.

माझ्या बाकावरचा चोइजाम्त्स उठला.
"हे बरोबर नाही."
हिवाळ्याआधीच त्याच्या घरी वाटणी झाली होती :
थोरल्याला चाळीस घोड्या,
याला नऊ.

बाई म्हणाल्या, "कुणाला किती, हे तार बघत नाही.
दोन्हीकडचा रेटा सारखा झाला
की वाहणं थांबतं, इतकंच."
"मग धाकट्यानं गप्प बसायचं?"
बाईंनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.
"धाकट्याकडे कमी असतो,
पण त्याच्या अंगावर तो दाटीनं बसतो.
ठिणगी उडायची झालीच
तर आधी तिथून उडते."
चोइजाम्त्स खाली बसला.
पटलं की नाही, कळलं नाही.

तास संपला. बाईंनी एक हात
पाण्याच्या लोखंडी नळावर ठेवला,
दुसरा गोळ्यांवरून फिरवला.
पानं पडली.
सगळं कुठे गेलं, ते कुणी विचारलं नाही,
घंटा झाली होती.

फाटकाशी त्याचा थोरला भाऊ उभा होता,
दांझान, घोड्यावर,
फेल्टचे बूट, कोल्ह्याच्या कातड्याची टोपी,
खोगिरावर घासत चार कोस आलेला.
हातमोजा काढून त्यानं खाली हात दिला.
चोइजाम्त्सनं धरला,
आणि टक्!
अंधारात निळी, मला दिसली.
दोघांनीही हात मागे घेतले.
घोडा फुरफुरला.

मग दांझाननं हात पुन्हा पुढे केला.
दुसऱ्यांदा काही झालं नाही.