डावं मागचं चाक

अ‍ॅश्टाब्युलात एप्रिल आला तरी लेककडून
असा वारा येतो की पाना तळव्याला चिकटतो.
एला कोस्किनेनच्या अंगणात चौऱ्याण्णवचा फोर्ड,
चार हिवाळे जागचा न हललेला.
रस्त्यावरचं मीठ त्याने पोटाखाली साठवलंय,
हात लावला की कावेच्या रंगाची खपली सुटते.

रेनो गेल्यापासून उभा आहे, ती म्हणाली.
गिऱ्हाईक आलं होतं, बाराशे देत होतं,
त्याने साखळी लावून ओढला
तर मागची चाकं फिरलीच नाहीत,
खडीत दोन रेघा तेवढ्या उमटल्या.

मी रात्रपाळीहून येत होते.
हॉस्पिटलात मी रक्त तपासते, गाड्या नाही.
तरी म्हटलं, बघते.
नाही म्हणायची आमच्यात पद्धत नाही,
नंतर निस्तरत बसायची आहे.

जॅक. पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे.
पाच नट, पाचवा रडवून सुटला.
चाक आलं हातात; ड्रम नाही.
मधल्या कड्याभोवती तेल सोडलं,
बोल्टांच्या मुळाशी सोडलं, आणि थांबलो.
एलाने तेवढ्यात कॉफी आणली, बेचव, पण कढत.

मग ठोकणं. काठावर नाही, काठ तुटतो;
बोल्टांच्या मधल्या सपाटीवर, एक इथे, एक समोर,
कलिंगड वाजवून बघतात तसं, फक्त रागाने.
ठस्स. ठस्स.
आतून काही उत्तर नाही.

नाना मिरज डेपोत फिटर होते.
ब्रेक-शू म्हणत नसत, लायनर म्हणत.
मी हातोडी मागितली की मला बॅटरी मिळायची.
“उजेड कामावर धर, माझ्या तोंडावर नको.”
सात वर्षं मी उजेड धरला.
मला हे काम येतं ते एवढंच:
कुठे बघायचं.

मागच्या पत्र्यात रबरी बूच असतं, ते काढायचं.
आत दातेरी चकती, तिला धरून ठेवणारी पट्टी.
बारीक स्क्रूड्रायव्हरने पट्टी उचलायची,
दुसऱ्याने चकती उलटी फिरवायची, दात मोजत, अंदाजाने,
कारण लायनरनी ड्रम आतून खाल्लेला असतो,
कडेला ओठ उरतो, आणि त्या ओठामागे ते अडकतात.
कुणी कोंडलेलं नसतं त्यांना.
झिजत झिजत स्वतःच आत गेलेले असतात.

बारा दात फिरवले. ड्रम तसाच.

एला, हॅण्डब्रेक सोडलायस ना?
सोडलाय की. दफन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी.
मूठ ओढली, पॅडल वर आलं, केवढ्यांदा वाजलं!
मी पाठीवर झोपून खाली सरकले.
केबल म्यानात गंजून तशीच ताणलेली.
वर ब्रेक सुटून चार वर्षं झाली होती,
खाली बातमी पोचली नव्हती.
इथे रेनोचा पाय अजून दाबलेला होता.

हे मी तिला सांगितलं नाही.
केबल कापावी लागेल, एवढंच म्हटलं.
काप, ती म्हणाली.
मग म्हणाली, थांब, दे इकडे,
आणि एकोणऐंशी वर्षांची बाई त्या गारठ्यात
ताडपत्रीवर आडवी झाली, टोपीसकट.
कात्री दोन्ही हातांनी. तिसऱ्या दाबाला तुटली.

पुन्हा ठोकलं. आवाज बदलला,
घंटेसारखा वगैरे नाही,
रिकाम्या पातेल्यासारखा.
केसभर फट. मग बोटभर.
मग सगळं वजन एकदम मांडीवर.

फुंकू नको, मी ओरडले, ही भुकटी छातीत बसते.
पाणी ओतलं. काळं ओघळत गेलं.
एक स्प्रिंग तुटलेली,
एक लायनर नखाएवढं उरलेलं.
एला वाकून बघत होती, कितीतरी वेळ,
आणि तिच्या हातातली बॅटरी हळूहळू कलत
माझ्या डोळ्यांवर आली.

उजेड कामावर धर, मी म्हणाले, मराठीतच.
तिने धरला.

उजवं चाक राहिलंय.