भरलेली खोली

टाइन नदीपासून दोन चढ वर,
जुन्या धान्यकोठाराच्या पोटात
बासष्ट खोकी रचलीत, एकावर एक.
मालक म्हणे एकदा ओसाकाला गेला,
तिथे असल्याच खोक्यात झोपला,
आणि न्यूकॅसलला उतरल्यावर
आधी सुताराला फोन केला, मग बायकोला.

खोक्यात काय? गादी, दिवा,
चार्जर खोचायला एक भोक, एक खुंटी,
आणि पडदा. पडदा ओढला की झालं घर.
रात्रीचे अठरा पौंड. शनिवारी चौतीस.
टॉवेलचे दोन वेगळे.

मी रात्रपाळीला, दहा ते सहा.
दिवसा कॉलेज. झोप उधारीवर.
माणसं मला कुलपांवरून लक्षात राहतात.
पितळी कुलूपवाला फरशीकामगार, दर सोमवारी.
गुलाबी पट्टे घातलेल्या सहा जणी,
आकडा विसरलेल्या;
पहाटे तीनला मी त्यांचं कुलूप कापलं
तर सहाही रडायला लागल्या, का कोण जाणे.
आणि तो मुलगा, कुलूपच नसलेला,
मुलाखतीचा शर्ट हँगरसकट छातीवर घेऊन निजलेला.

गुरुवारी डॉड्स येतात.
सत्तरीपार. स्वतःची उशी काखोटीला.
घर गेट्सहेडला, पुलापलीकडे, बसने बारा मिनिटं.
पहिल्यांदा वाटलं, घरच्यांनी काढलं असेल.
दुसऱ्यांदा वाटलं, पाइप फुटला असेल.
तिसऱ्यांदा मी चांगुलपणा केला:
चार नंबरची खोली, अख्खी रिकामी, त्याच पैशात.
अर्ध्या तासात उशीसकट परत खाली.
“एखादी भरलेली नाही का?”

म्हटलं, नऊमध्ये आठ जण आहेत,
पण त्यातले दोघे असे घोरतात
की तक्रारवहीचं पान पुरलं नाही.
म्हातारा हसला,
मी जणू खिडकीची जागा दिली होती.

पुढे कधीतरी, चहाच्या मशीनपाशी,
कपाकडे बघत म्हणाले,
“मॉरीन घोरायची. एक्केचाळीस वर्षं मी कुरकुर केली.”
आणि बिनसाखरेचा चहा
बराच वेळ ढवळत राहिले.

मी काय बोलणार?
इचलकरंजीला आमच्या भिंतीला लागून माग.
खटाखट, रात्रंदिवस.
पाहुणे सकाळी डोळे तांबारून उठायचे,
आम्हाला जाग यायची ती वीज गेल्यावर.
माग थांबले की अख्खी गल्ली दचकायची,
बायका दारात, पुरुष लुंगी सावरत,
तान्ही पोरं भोकाड पसरायची.
वीज आली की आई अंथरुणातूनच सांगायची
पहिला माग कुणाचा लागला ते.
“मुल्लांचा,” म्हणायची, आणि कूस वळायची.

हे इंग्रजीत सांगायला गेले, जमेना.
शेवटी काउंटरवर बोटांनी वाजवून दाखवलं.
डॉड्सनी मान हलवली.
मग त्यांनीही वाजवलं,
माझ्यापेक्षा हळू,
मध्ये एक लांब थांबा घेत.
तो थांबा मागाचा नव्हता.

आता फेब्रुवारी. धंदा बसलाय.
पुलाच्या कोनाड्यांत घरटी करणारे पक्षी
अजून समुद्रावरच आहेत.
आज गुरुवार, आणि साऱ्या इमारतीत सात गिऱ्हाइकं.
मालकाचा नियम: कमी असतील तर पांगवून द्या,
माणशी एक खोली, माणूस खूश होतो.
मी यादी काढली
आणि सातही जण नऊमध्ये कोंबले.
एकाने विचारलंच, बाकीच्या खोल्या?
हीटर बिघडलेत, म्हटलं.
तोंड वर करून म्हटलं.

दहा वाजून दहा मिनिटं.
बाहेर बस थांबल्याचा आवाज.
दार ढकललं जातं,
आधी उशी आत येते.