नऊ फळ्यांचं पिंप

गावाने मला पाठवलं ते 'नाही' म्हणायला.
जानेवारीत, शेगडीभोवती, हात वर करून,
एकतीस विरुद्ध चार.
कारकुनाने ठराव लिहिला, ओल्या शाईवर वाळू भुरभुरवली,
आणि माझ्या बायकोने, थँकफुलने,
तो कोटाच्या अस्तरात शिवून टाकला.
वाटेत पडायला नको, म्हणाली.

मी पिंपं करतो. ओकच्या फळ्या, हिकरीची कडी.
भाषण मला येत नाही.
म्हणूनच निवडलं असणार:
कमी बोलणारा माणूस शब्द फिरवत नाही,
असा ग्रॅफ्टनच्या डोंगरात समज आहे.

एक्झिटरला पहिल्या खेपेत आम्ही काहीच ठरवलं नाही.
बर्फातून गेलो, बर्फातून परत आलो.
मग जून. कॉन्कर्ड. सभागृहात माश्या,
खिडकीबाहेर कुणीतरी गवत कापत होतं
आणि वकिलांच्या मधल्या श्वासात
विळ्याचा आवाज आत येत होता.

तेरापैकी नऊ राज्यं 'हो' म्हणाली की झालं,
असं त्या कागदातच लिहिलेलं.
आठ झाली होती.
मी बोटांवर मोजलं. परत मोजलं.
तेरा फळ्यांचं पिंप नऊ फळ्यांवर उभं राहतं
हे माझ्या बापाने मला शिकवलं नव्हतं.
पण कडं आधी धरतात, हेही खरं.
रिकामं कडं, आणि त्याच्या आत एकेक फळी उभी करत जायची.
शेवटची बसेपर्यंत
सगळ्याच डुगडुगतात.

एका कलमाशी वाचणारा जरा भरभर वाचून गेला.
माणसं मोजायची रीत होती ती.
मोकळी माणसं पुरती,
आणि 'इतर सर्व', पाचांत तीन.
इतर म्हणजे कोण, ते लिहिलं नव्हतं.
लिहिताना लाज वाटली असेल.
लाज वाटली,
आणि तरी लिहिलं.

कारकुनाने माझं नाव पुकारलं.
अस्तरातला कागद बरगडीला टोचला.
मला लढाईचा पगार आठवला,
कागदाच्याच नोटा, त्यात एक पावही आला नव्हता;
सासऱ्याने त्या नोटांनी चूल पेटवली होती.
आणि जिभेला हाड नसतं.
'हो,' म्हणालो.
सत्तावन्न विरुद्ध सत्तेचाळीस. बाहेर घंटा वाजू लागल्या.
गवत कापणारा थांबला,
वर बघितलं, परत वाकला.

घरी यायला तीन दिवस लागले. घोड्याला घाई नव्हती, मलाही.
लोहार डीकन फॉसने हातोडा खाली ठेवला नाही.
'किती पैसे मिळाले?' एवढंच विचारलं.
थँकफुलने रात्री शिवण उसवली,
ठराव दिव्यापाशी नेऊन वाचला,
आणि घडी करून बायबलमध्ये ठेवला.
काही बोलली असती तर बरं झालं असतं.

कफी ब्रूअर माझ्याकडे फळ्या तासतो.
डाव्या हाताची दोन बोटं लढाईत गेली, तरी माझ्यापेक्षा सफाईने.
जानेवारीच्या सभेत तो दाराशी उभा होता.
त्याने हात वर केला नव्हता;
करायचा का, असं त्याला कुणी विचारलंही नव्हतं.
मी त्याला ते कलम सांगितलं. सगळं. भरभर नाही.
त्याने रंध्याची धार अंगठ्यावर बघितली.
'इथे मी पुरता आहे,' म्हणाला,
'दक्षिणेचा रस्ता धरला, तर कुठल्या मैलावर
माझे दोन भाग गळून पडतील?'

मला माहीत नव्हतं.
दुरुस्त्या होणार आहेत, मी म्हणालो. तसं आश्वासन आहे.
तो हसला नाही. पण मी माझाच आवाज ओळखला:
गिऱ्हाईक नवं पिंप घेऊन उलटं येतं, गळतंय म्हणतं,
तेव्हा मी याच आवाजात सांगतो,
भरून ठेवा हो. लाकूड फुगतं. आपोआप बंद होतं.

बहुतेक वेळा होतंही.

काल संध्याकाळी आम्ही दोघांनी
एक पिंप अंगणात भरून ठेवलं.
सकाळी मी आधी उठलो, अनवाणीच गेलो.
काठापर्यंत पाणी, त्यात आभाळ.
पायाखाली माती ओली लागली.
रात्रीची, की आत्ताची,
ते बघायला वाकलो आहे.