पिन नको

लाल सुती कापड, तीन मीटरला चार बोटं कमी.
दुकानदाराने हात मारला की माझंच लक्ष चुकलं
कोण जाणे. दिवसाला नऊशे बाह्या जोडते मी कारखान्यात,
कुठली बाही कुठल्या देशात कुणाच्या खांद्याला जाते
माहीत नाही, पण शिवण सरळ म्हणजे सरळ.
आणि इथे सात वर्षांच्या पोराला
काष्टा नेसवता येईना.

कापड कमरेभोवती घेतलं, गाठ मारली,
पुढचा पदर गुंडाळून पायांतून मागे खोचला.
विराक दोन पावलं चालला
आणि सगळं नेसण घोट्यांशी.
हसत सुटला. उघडाच पलंगावर चढला,
मच्छरदाणीच्या दोरीला लोंबकळला.

उतर खाली. माकडचेष्टा पुरे.

म्हटलं, आणि माझी मीच गप्प झाले.
गेल्या महिन्यात बाईंनी पोरांना ओळीने उभं केलं होतं.
कुणाची मान बघितली, कुणाची पोटरी,
रुंद खांद्याच्यांना राक्षसांच्या बाजूला धाडलं.
याला नुसतं म्हणाल्या, बस.
हा बसला तो उकिडवा, आणि कान खाजवू लागला.
बाई वहीतून मान वर न काढता म्हणाल्या,
वानर. गुरुवारी आणा.

म्हणजे ज्याच्यासाठी सात वर्षं घसा कोरडा केला
ते हा आता रीतसर शिकणार.

गुरूपुढे ठेवायला केळ्यांची फणी आणली होती,
उदबत्त्या, पाच मेणबत्त्या.
फणी मोजली, एक केळं कमी.
मी नाही खाल्लं, म्हणाला. वानराने खाल्लं.

सव्वासहा. तोंडात बारा पिना धरून,
कापडासकट पोराला काखेत मारून मी जिना उतरले.
खाली ता युन सायकलचं पंक्चर काढत बसलेले.
पाच वर्षांचा शेजार. चेन तुटली, हवा भरा,
यापलीकडे बोलणं नाही.
त्यांनी एकदा पोराकडे पाहिलं, एकदा माझ्या तोंडाकडे.
घमेल्यातल्या पाण्यात हात धुतले, बनियनला पुसले.
पिन नको, म्हणाले.

आणि मग
कापड असं ओढलं की विराकचा श्वास आत गेला.
काठाला काठ, घट्ट सुरळी, पायांखालून मागे,
कमरेला एक पीळ.
हे चाललं असताना बघत होते रस्त्याकडे,
बर्फवाल्याची गाडी चालली होती तिकडे.
नखांत वंगण, तरी लाल कापडावर
ठसा एक नाही.

उडी मार. विराकने मारली.
कोलांटी. तीही मारली, तिथेच, नटबोल्टांच्या डब्याशेजारी.
कापड जागचं हललं नाही.

मग त्याचा तळवा हातात घेतला,
चारी बोटं मागे वाकवली मनगटाकडे,
हळूहळू, रिमचा बाक काढतात तशी.
दुखेल. रडलास तरी चालेल. हात ओढून घ्यायचा नाही.
विराकने ओठ चावला.
हात तिथेच.

तुम्ही कुठे, एवढंच मी म्हटलं.
ट्यूब पाण्यात दाबून ते बुडबुडे शोधत राहिले.
त्यांच्या वयाच्या माणसांना आमच्या नॉम पेन्हमध्ये
कुठे, कधी, हे अर्धंच विचारतात.
बरोबर कोण कोण होतं, हे तर नाहीच.

आम्ही निघालो तेव्हा पाठीमागून म्हणाले,
वानराची मान कधी स्थिर नको.
तो सतत ऐकत असतो.

मोटरसायकलवर विराक पुढे उभा,
माझ्या गुडघ्यांमध्ये, केळी पोटाशी धरून.
सिग्नलला मान तिरकी करतो,
शेजारच्या टुकटुकमधल्या बाईकडे टक लावतो, कान खाजवतो.
मी नको म्हटलं नाही.

शाळेच्या फाटकाशी मात्र
ता युन बघत नाहीत ना, हे आधी पाहून घेतलं,
ते चार किलोमीटर मागे होते तरी,
आणि मागच्या खोचेला
एक पिन लावली.