कडता

तीस वर्षं मी मापाडी, दिंडोरी नाक्याच्या यार्डात.
टोमॅटोची जाळी वीस किलोची,
सिमला मिरचीची दहा-अकरा,
कोथिंबीर जुडीवर जाते, तिला काटा लागत नाही,
हात पुरतो.
एवढं सगळं तोललं
आणि स्वतः कधी काट्यावर चढलो नाही.

चढलो तो एका सोमवारी, रात्री साडेनऊला,
लिलाव उठल्यावर, हमाल हातपाय धूत असताना.
एकशे चार किलो दोनशे.
उत्तम म्हणाला, "मामा, पाच जाळ्या भरल्या,
वर चार किलो सुट्टा माल."
मीही हसलो.
वाकून चपलेचा पट्टा लावताना
श्वास मात्र पोटाच्या अलीकडेच अडला.

आमच्याकडे कडता म्हणून एक प्रकार आहे.
देठ, माती, ओल, सडकं धरून
जाळीमागे थोडं आधीच उडवायचं.
लोक भांडतात, मी लिहितो.
त्या रात्री पहिल्यांदा स्वतःच्या नावावर लिहिला:
चहातली साखर, दोन चमचे, वजा.
पहाटेची जिलबी, वजा.
लिलावात बसल्या बसल्या फक्की मारायचा चिवडा, वजा.
रविवारची मिसळ

इथे पेन थांबलं.
मिसळ ठेवली.
तर्री अर्धी, पाव एक,
पापड दुसऱ्याच्या ताटात बघायचा.

मग पाटाच्या कडेने चालणं.
मखमलाबादच्या बागांवरून गार वारा यायचा,
औषध फवारल्याचा वास घेऊन.
कुत्री आठ दिवस भुंकली,
नवव्या दिवशी त्यांनाही कळलं
की हा माणूस कुठेच चाललेला नाही.

मोच्याने पट्ट्याला आतून तीन भोकं पाडली.
यार्डात जो तो बाजूला घेऊन विचारी:
शुगर निघाली का? घरी सगळं ठीक ना?
आपल्याकडे बारीक झालेल्याचं कौतुक होत नाही,
चौकशी होते.

अठ्ठ्याऐंशीवर आलो.
सोळा किलो गेले, पण गेले कुठे?
यार्डात वजन हरवत नाही,
इथलं कमी झालं की समजावं,
कुणाच्या तरी खात्यावर चढलं.

चढलेलं मला एका रात्री दिसलं.
मी चौथी भाकरी सोडली होती, मग तिसरी.
कौसल्या मात्र हाताच्या सवयीने चारच थापत होती.
उरलेलं टाकवत नाही,
म्हणून सकाळी चुरून फोडणीला,
आणि ओट्याशी उभ्यानेच, कढईतून, दोन घास, चार घास.
गुडघ्यावर हात रोवून ती उठली,
"चला" म्हणाली,
मला नाही, गुडघ्याला.

"दोनच थापत जा," मी म्हणालो.
"आठ महिन्यांनी सुचलं," ती म्हणाली.
"उद्या येतेस चालायला?"
"मी चालतेच की दिवसभर. ओट्यापासून मोरीपर्यंत."

तरी आली.
पोरीचे जुने बूट, नाडी करकचून बांधलेली,
पदर खोचलेला.
म्हसरूळला चांभारलेण्यांच्या पायऱ्या चढलो.
अठ्ठावन्नाव्या पायरीवर बसली,
पिशवीतून पेरू काढला, तिखटमिठाची पुडी काढली,
मोठी फोड माझ्यापुढे धरली, मग थबकली,
मागे घेऊन स्वतःच खाल्ली.
"वरचं उद्या," म्हणाली.
खाली शहर नुकतं दिसू लागलं होतं.
मी पायऱ्या मोजल्या होत्या, तिने नाही.

परवा डबा घेऊन ती यार्डात आली.
गाळे बंद, पायाखाली चिरडलेले टोमॅटो.
काट्याकडे बघून म्हणाली, "मला नको."
मग म्हणाली, "तुम्ही आधी."
मी चढलो.
माझा खांदा धरून ती मागून चढली.
प्लेट डुचमळली,
लाल आकड्यांची पळापळ सुरू झाली.
"मामा," उत्तम ओरडला, "कुणाच्या नावावर लिहू?"

आकडा काही केल्या ठरत नव्हता,
कारण ती हसायची थांबत नव्हती.